बुकिंग जंकमध्ये गेलं, आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात ईमेलच्या कचऱ्याबद्दल प्रश्न मागवले होते. आले ते बहुतेक उलट्या बाजूचे. कचरा फार येतो अशी तक्रार थोड्यांची, कामाचं पत्र मिळालंच नाही अशी जास्त जणांची. म्हणून उत्तरंही तिकडेच झुकली आहेत. वाचकाचं पत्र आधी, त्याखाली माझं उत्तर. पत्रं मी आखूड केली आहेत आणि नावं गाळली आहेत. आपल्या गोव्यात कोण कोणाचं नातलग निघेल, सांगता येत नाही.

ताई, नमस्कार. मांद्र्याला आमचं जुनं घर आहे, त्यातल्या चार खोल्या पर्यटकांना देतो. मुलाने पीसीवर मेल बघायला थंडरबर्ड घालून दिलं आणि तो पुण्याला नोकरीला गेला. ‘तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो’ असले मेल रोज ढिगाने येतात. कंटाळून मी दिसेल ते जंक करत गेले. आता डिसेंबरसाठी एका जर्मन कुटुंबाने दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी दुसरीकडे खोल्या घेतल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. जंक फोल्डर बघितला, तिथेही काही नाही. मग ते मेल गेले कुठे?

ताई, गेलेलं आधी शोधू. तुमच्या मेलची निवड दोन ठिकाणी होते. एकदा मेल देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि दुसऱ्यांदा तुमच्या पीसीवर, थंडरबर्डमध्ये. सर्व्हरने एखादं पत्र स्पॅम ठरवलं की ते तिथल्या स्पॅम फोल्डरात पडतं. ते फोल्डर तुम्हाला घरी दिसणार की नाही, हे तुमचं खातं पॉपने जोडलंय की आयमॅपने, म्हणजे मेल पीसीवर आणायच्या दोनपैकी कोणत्या पद्धतीने, यावर आहे. आयमॅपमध्ये सर्व्हरवरचे फोल्डर घरीही दिसतात, पॉपमध्ये फक्त इनबॉक्स खाली उतरतो. स्पॅम फोल्डर तिकडेच राहतो, आणि जीमेल असेल तर त्यातलं पत्र ३० दिवसांनी कायमचं पुसलं जातं. म्हणजे थंडरबर्डचा जंक तुम्ही कितीही उपसलात तरी ते पत्र तिथे सापडायचं नाही.

कीबोर्डवरचं ऑल्ट बटण दाबा, वर मेनू दिसेल. टूल्स, अकाउंट सेटिंग्ज, मग तुमच्या पत्त्याखाली सर्व्हर सेटिंग्ज. पहिल्याच ओळीत सर्व्हर टाइप लिहिलेलं असतं. माझा अंदाज, पॉप असणार. तसं असेल तर आज संध्याकाळीच ब्राउझरमधून खातं उघडून स्पॅम बघा, अजून काही पडलेलं असेल. पुढे मात्र आयमॅप करून घ्या. आहे त्या खात्यात पॉपचं आयमॅप होत नाही, तेच खातं नव्याने जोडावं लागतं. जुनं खातं लगेच काढू नका. पॉपने उतरलेली पत्रं कित्येकदा फक्त तुमच्या पीसीवर उरलेली असतात. ती आधी लोकल फोल्डर्समध्ये हलवा, मगच जुन्याला निरोप द्या. मुलाला गणेश चवथीला घरी आल्यावर हे काम सांगा, गणपतीवरची माटोळी बांधून झाली की.

दुसरी शक्यता पीसीवरचीच. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, तिथे जंक असा भाग आहे. हाताने जंक केलेल्या पत्राचं काय करायचं, हे तिथे विचारलेलं असतं: जंक फोल्डरात हलवायचं की थेट डिलीट करायचं. डिलीटवर खूण असेल तर ती आधी काढा. शिवाय अकाउंट सेटिंग्जमध्ये जंक सेटिंग्ज म्हणून पान आहे, तिथे इतक्या दिवसांपेक्षा जुनं जंक आपोआप पुसा असा एक पर्याय असतो, आकडा बहुधा १४ दिसेल. खोल्या भाड्याने देणाऱ्या माणसाने हा पर्याय लावूच नये असं माझं मत. कचऱ्याला डिस्कवर जागा ती किती लागणार! आणि तुमचा पाहुणा तर तीन महिने आधी विचारतो.

आता मूळ दुखणं. तुम्ही दिसेल ते जंक करत गेलात आणि चांगल्या पत्रांबद्दल थंडरबर्डला कधी काही सांगितलं नाहीत. त्याची चाळणी शिकणारी आहे. प्रत्येक शब्द जंकमध्ये किती वेळा आला आणि चांगल्या पत्रांत किती वेळा आला, याचा ती हिशेब ठेवते आणि नवीन पत्र आलं की त्यातल्या शब्दांवरून अदमास बांधते. गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापलेलं. त्याला कुठे ठाऊक होतं की आपलं डोकं मांद्र्याच्या खोल्यांसाठी राबणार आहे. पण हिशेबाला दोन्ही रकाने लागतात. घरच्या कुत्र्याला नुसतं ‘चोर, चोर’ एवढंच शिकवलंत तर तो एक दिवस सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या पोटरीला चावणार. पोदेर आपला आहे, हेही त्याला कोणीतरी दाखवावं लागतं.

आणि तुमच्या धंद्यात हे जास्तच लागू. पहिल्यांदा लिहिणाऱ्या परदेशी पाहुण्याचं पत्र वरवर पाहिलं तर कचऱ्यासारखंच असतं: अनोळखी पत्ता, परक्या वळणाचं इंग्रजी, ‘डिअर सर ऑर मॅडम’, पैशांचा उल्लेख, ‘काइंडली कन्फर्म’. वेबसाइट वर आणून देतो म्हणणाराही याच शब्दांत लिहितो. फरक कुठे असतो? दोन मोठे एक लहान, चेक-इन किती वाजता, समुद्र चालत किती लांब, मच्छरदाणी आहे का, स्कूटर मिळेल का. हे शब्द त्याच्या चांगल्या रकान्यात पडायला हवेत.

तुमच्या बाबतीत मी जुनं शिक्षण पुसून टाकीन. त्याच प्रायव्हसीच्या पानावर रिसेट ट्रेनिंग डेटा असं बटण आहे. ते दाबल्यावर थंडरबर्ड कोरं होतं. मग आधी जंक फोल्डर उघडून बसा. एखादं पत्र उघडलंत की वर पट्टी येते, थंडरबर्डला हे जंक वाटतं अशी, आणि शेजारी नॉट जंकचं बटण. आपलं असेल ते या बटणाने सोडवा आणि परत इनबॉक्सात गेलं का ते डोळ्यांनी बघा. त्यानंतर इनबॉक्सात या. जुनी बुकिंगं, ‘थँक यू फॉर द लव्हली स्टे’वाली पत्रं, विमान उशिरा आहे सांगणारी, वीजबिलाची, बँकेची, अशी सगळ्या प्रकारची पत्रं कंट्रोल दाबून एकेक निवडा आणि शिफ्ट-जे करा. म्हणजे ती चांगली असं त्याला कळतं. इनबॉक्सात नुसतं पडून राहिलेलं पत्र त्याच्या लेखी चांगलं ठरत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. कचऱ्यासाठी नुसतं जे. दोन्हीकडची चांगली ढीगभर पत्रं दाखवलीत की ते ताळ्यावर येतं. पहिले काही दिवस रोज रात्री जंकवर एक नजर टाका, चूक दिसली की सुधारा.

जंक सेटिंग्जच्या पानावर आणखी एक सोय आहे. अ‍ॅड्रेस बुकात ज्याचा पत्ता आहे त्याचं पत्र जंक ठरवू नका, असं सांगता येतं. तिथे पर्सनल अ‍ॅड्रेस बुकवर खूण असते, कलेक्टेड अ‍ॅड्रेसेसवरही करा. तुम्ही ज्यांना उत्तर लिहिता त्यांचे पत्ते या दुसऱ्या वहीत आपोआप जमतात. म्हणजे एकदा उत्तर गेलं की त्या पाहुण्याचं पुढचं पत्र अडणार नाही. तुमचा स्वतःचा पत्ता मात्र दोन्ही वह्यांतून काढून टाका. कारण पुढे एका वाचकाला सांगितलं आहे.

फिल्टरबद्दलही तुम्ही विचारलं होतं. टूल्समध्ये मेसेज फिल्टर्स, तिथे न्यू. सब्जेक्टमध्ये रूम, बुकिंग, अ‍ॅव्हेलेबिलिटी, एन्क्वायरी यांतलं काहीही आलं की, म्हणजे ‘मॅच एनी’, त्या पत्राला रंगीत टॅग लावा. एवढंच. अशा पत्रांना नॉट जंकचा शिक्का मारणारा फिल्टर करू नका, कारण बुकिंग हा शब्द भामट्यांनाही येतो. हॉटेलवाल्यांना बुकिंग डॉट कॉमच्या नावाने खोटी पत्रं पाठवण्याचा मोठा उद्योग चालू असल्याचं मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५मध्ये जाहीर केलं होतं. त्यात पाहुण्याची तक्रार आली आहे म्हणून दुवा देतात. तो उघडला की ‘मी माणूस आहे’ असं सिद्ध करायला सांगणारी चौकट येते आणि ती म्हणते, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. एवढं केलंत की तुमच्याच हाताने पीसीवर चोर उतरला. तुम्ही माणूस आहात हे बघायला कोणतीही खरी वेबसाइट तुम्हाला विंडोज-आर दाबायला सांगत नाही. हे वाक्य कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, घरात पीसीला हात लावणारे सगळे वाचतील.

सत्तरी तालुक्यातून लिहितो. निवृत्त शिक्षक. आलेला प्रत्येक कचरा मी फिल्टर करून त्या पत्त्याला अडवतो. फिल्टरांची यादी आता पानंच्या पानं झाली आहे, तरी रोज नवे येतातच. काही चुकतंय का?

मास्तर, कष्टाला तोड नाही, पण ते वाया जाताहेत. कचरा पाठवणारा एकदा वापरलेला पत्ता सहसा पुन्हा वापरत नाही, आणि पाठवणारा म्हणून जे दिसतं ते कित्येकदा त्याचं नसतंच. पाकिटाच्या मागे आपण काहीही नाव लिहू शकतो, तसंच इथेही. ती सगळी यादी निवडून पुसून टाका आणि वर मांद्र्याच्या ताईंना सांगितलंय तसं शिकवायला लागा. तुम्हाला शिकवणं मी काय सांगू!

फिल्टर ठेवायचे ते न बदलणाऱ्या गोष्टींसाठी. पेन्शनची पत्रं एका फोल्डरात, नाट्यस्पर्धेच्या मंडळींची दुसऱ्या. फिल्टर वरून खाली एकामागून एक चालतात, म्हणून महत्त्वाचा वर ठेवा आणि त्याच्या शेवटी स्टॉप फिल्टर एक्झिक्यूशन जोडा, म्हणजे खालचे त्याला हात लावणार नाहीत. नवा फिल्टर केलात की आधी रन नाऊने जुन्या पत्रांवर चालवून बघा. चूक असेल तर तिथेच दिसते.

एक विनंती. पुस्तकांच्या दुकानाची वगैरे पत्रं, जी तुम्ही कधीतरी स्वतः मागवली होती, ती जंक करू नका. त्यातले शब्द तुमच्या चांगल्या पत्रांतलेच असतात, चाळणी गोंधळते. त्यांच्या तळाशी अनसबस्क्राइब असतं, ओळखीच्या दुकानाचं असेल तर ते खुशाल दाबा. अनोळखी कचऱ्यातलं मात्र दाबू नका. हा पत्ता जिवंत आहे, कोणीतरी वाचतंय, एवढंच त्यातून पलीकडे कळतं. तसंच पत्रातली चित्रं. थंडरबर्ड बाहेरून येणारी चित्रं मुळात अडवून ठेवतं, ते तसंच राहू द्या. चित्र उतरलं की पत्र उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला लागू शकते.

मडगावहून. माझ्याच पत्त्यावरून मला पत्र आलं. तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलंय, बिटकॉइनमध्ये पैसे भरा नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवू. त्यात माझा एक जुना पासवर्डही लिहिलाय. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

घरात सांगा, आजच. असलं पत्र हजारो लोकांना एकाच मजकुराचं जातं. चित्रण वगैरे काही नसतं. तुमचा पासवर्ड कधीतरी कुठल्या तरी वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतून आलेला आहे. तो अजून कुठे वापरात असेल तर बदला आणि मेलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. पैसे भरू नका, उत्तर देऊ नका.

स्वतःच्या पत्त्यावरून कसं आलं, तर तो पत्ता नुसता लिहिलेला आहे. पत्र निवडून कंट्रोल-यू दाबा, त्याची कच्ची बाजू दिसेल. घाबरू नका, भरपूर गिचमीड असते. त्यात ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स असं सुरू होणारी ओळ शोधा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे पास की फेल लिहिलेलं असतं. हे पत्र खरोखर त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात अ‍ॅटच्या चिन्हानंतर येणाऱ्या नावाच्या, सर्व्हरवरून निघालं का, याची ती तपासणी. फेल दिसलं की तुमच्या खात्यात कोणी शिरलेलं नाही, बाहेरून तुमचं नाव लावून टाकलंय, हे जवळजवळ नक्की. सगळीकडे पास दिसलं तर मात्र पासवर्ड ताबडतोब बदला आणि खात्यात अलीकडे कुठून लॉगिन झालंय ते बघा.

आणि हे पत्र चाळणीतून इनबॉक्सात पोचलंच कसं? तुमचा पत्ता कदाचित तुमच्याच अ‍ॅड्रेस बुकात असेल. वहीतल्या माणसाला अडवू नकोस असं आपण सांगितलेलं, आणि भामटा तुमचंच नाव घेऊन आला. म्हणून स्वतःचा पत्ता वहीत ठेवू नये.

देवस्थान समितीचा सचिव आहे, तालुका फोंडा. आमचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे सभासद, मुंबई, बेळगाव, परदेशात पसरलेले. जत्रेचं निमंत्रण दोनेकशे जणांना मेलने पाठवलं. अर्ध्यांनी सांगितलं, स्पॅममध्ये सापडलं, तेही पालखी निघून गेल्यावर. आम्ही काय पाप केलं?

सचिवसाहेब, तुमचं निमंत्रण मी मागवून बघितलं. सगळं एकाच रंगीत चित्रात आहे, मेलमध्ये एक अक्षर नाही. चाळणी वाचणार काय? मजकूर वाचला जाऊ नये म्हणून तो चित्रात लपवणं ही कचरेवाल्यांची जुनी युक्ती आहे, त्यांच्याच रांगेत तुम्ही जाऊन बसलात. निमंत्रण मराठीत सरळ टाइप करा, तारीख, वेळ, कार्यक्रम, तळाशी समितीचं नाव आणि फोन. छापील पत्रिका हवी तर जोडा. आखूड केलेले दुवे टाकू नका.

दुसरं, तुम्ही दोनशे पत्ते एका दमात टाकले. सगळे ‘टू’मध्ये होते, त्यामुळे प्रत्येक महाजनाचा पत्ता इतर सगळ्यांकडे गेला. ते तर नकोच. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत जातं, पण एका पत्रात शेकडो नावं असली की शंका येणारच. पंचवीस-तीस जणांचे गट करा, पत्ते बीसीसीमध्ये घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत, आणि दोन दिवसांत विभागून पाठवा.

समितीचं स्वतःचं डोमेन असेल तर ज्याने वेबसाइट करून दिली त्याला पकडा. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांना ओळख पटवण्याच्या अटी घातल्या आहेत. वर मडगावच्या वाचकाला सांगितली ती एसपीएफ, डीकेआयएमची नोंद तुमच्या डोमेनवर नसेल तर पत्र दारातच अडू शकतं. दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना तर डीमार्क आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोयही सक्तीची आहे. तुमच्या जत्रेला तेवढी गरज नाही. वेबसाइटवाल्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्याने टाळाटाळ केली तर दुसरा बघा.

आणि सर्वांत सोपं काम: पुढच्या सर्वसाधारण सभेत महाजनांना सांगा, समितीचा पत्ता फोनमध्ये साठवा आणि आमच्या एका पत्राला ‘मिळालं’ एवढं उत्तर द्या. ज्याच्याशी पत्रव्यवहार झालाय त्याला चाळण्या सहसा अडवत नाहीत.

डिचोलीच्या काजू कारखान्यात हिशेब बघते. आफ्रिकेतून कच्च्या बिया देणाऱ्या आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं, बँक बदलली आहे, यापुढे या खात्यात भरा. जुन्या पत्रव्यवहाराच्या साखळीतच आलं, सही तीच, बिलाचा आकडाही बरोबर. शेठनी सहज फोन केला म्हणून वाचलो. कोणता फिल्टर लावू म्हणजे असं पत्र जंकमध्ये जाईल?

कोणताच नाही. हे मी स्पष्टच सांगते, कारण या प्रश्नाला फिल्टरचं उत्तर देणं धोक्याचं आहे. त्या व्यापाऱ्याचंच मेलखातं कोणीतरी फोडलेलं असेल तर पत्र खरोखर त्याच्या सर्व्हरवरून येतं, सगळ्या तपासण्या पास होतात, शब्द नेहमीचेच असतात. बेझबाबाही काही करू शकत नाही.

तरी एक फिल्टर उपयोगाचा आहे. असल्या पत्रांत पाठवणारा खरा दिसतो, पण तुमचं उत्तर भलत्याच पत्त्यावर जावं म्हणून रिप्लाय-टूमध्ये दुसरा पत्ता घातलेला असतो, कित्येकदा मूळ पत्त्यात एक अक्षर बदलून. थंडरबर्डच्या फिल्टरमध्ये ज्या यादीतून सब्जेक्ट, फ्रॉम निवडतो, तिच्या तळाशी कस्टमाइझ आहे. तिथे रिप्लाय-टू असं नाव इंग्रजीत टाइप करून जोडा. मग नियम करा: फ्रॉममध्ये त्या व्यापाऱ्याचं डोमेन आहे, रिप्लाय-टूमध्ये काहीतरी पत्ता आहे, म्हणजे तिथे अ‍ॅटचं चिन्ह आहे, आणि त्यात त्या व्यापाऱ्याचं डोमेन नाही. तिन्ही जुळले, ‘मॅच ऑल’, की लाल टॅग. अ‍ॅटची मधली अट विसरू नका, कारण साध्या पत्रात रिप्लाय-टू बहुधा नसतोच, उगीच सगळी पत्रं लाल व्हायची. हलवू नका, पुसू नका, फक्त लाल करा, म्हणजे दिसलं की हात थांबेल.

बाकी काम फोनचंच. बँकखातं बदललं असं पत्र आलं की त्या पत्रातल्या नंबरवर फोन न करता जुन्या वहीतल्या नंबरवर करायचा, आणि पलीकडचा आवाज ओळखीचा असला पाहिजे. शेठना विचारून कारखान्यात हा नियमच करून टाका. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर त्याच क्षणी फोन, सोबत आपल्या बँकेलाही. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवणं हेच तिथे मुख्य असतं, त्यामुळे आधी आपापसांत चर्चा करत बसू नये.

बँकेच्या नावाने येणाऱ्या पत्रांबद्दल तुम्ही ताजा कलम लिहिलाय. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपापल्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन या डोमेनवर ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत नेण्यास सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट बघायची सवय त्यामुळे आता आणखी उपयोगी. शेवटच बघायचा हं. मध्ये कुठेतरी बँक डॉट इन आणि शेवटी भलतंच काही असेल तर ते खोटं. सरकारी पत्रांचंही तेच, शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन.

पणजीत वकिली करतो. कार्यालयात आउटलुक आहे, जुनं, मेनूवालं. सहायकाने कचरा पूर्ण बंद केला म्हणून मी खूश होतो. आता अशील म्हणतात, कागद पाठवले, मला मिळाले नाहीत.

वकीलसाहेब, होमच्या पट्टीवर जंक, त्यात जंक ईमेल ऑप्शन्स. चार पातळ्या दिसतील. सहायकाने बहुतेक सेफ लिस्ट्स ओन्ली लावलं आहे, म्हणजे तुमच्या यादीत ज्याचं नाव नाही त्या प्रत्येकाचं पत्र जंक. नवा अशील यादीत असणार कसा? लो करा, पुरे आहे. त्याच पानावर संशयित जंक थेट कायमचं पुसून टाका असा एक चौकोन असतो. तिथे खूण असेल तर ती काढा, आणि आधी गेलेली पत्रं अशिलांकडून पुन्हा मागवा. सहायकावर रागावू नका, सांगितलेलं काम त्याने चोख केलंय.

काणकोणहून. नवा पीसी घेतला. जुन्यावर थंडरबर्डला दोन वर्षं शिकवलेलं सगळं पुन्हा शिकवावं लागणार का?

नाही. ते शिक्षण ट्रेनिंग डॉट डॅट नावाच्या एका फायलीत असतं. जुन्या पीसीवर हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, प्रोफाइल फोल्डरच्या ओळीसमोर ओपन फोल्डरचं बटण आहे. थंडरबर्ड बंद करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या. नव्या पीसीवरही तसंच फोल्डर उघडून, थंडरबर्ड बंद ठेवून, तिथे टाका. एका प्रोफाइलमधल्या सगळ्या खात्यांना मिळून ही एकच फाइल असते, त्यामुळे वेगवेगळ्या शोधत बसू नका. फिल्टरांची फाइल वेगळी असते आणि ती प्रत्येक खात्याच्या फोल्डरात असते, नाव एमएसजी फिल्टर रूल्स डॉट डॅट, मधे मोकळी जागा नाही. खरं तर आख्खं प्रोफाइल फोल्डरच उचललंत तर पत्रं, वह्या, फिल्टर सगळं एकदम येईल. जुना पीसी विकायचा असेल तर नव्यावर सगळं नीट उघडतंय ना हे बघून मगच विका, आणि विकण्याआधी ते फोल्डर त्याच्यावरून पुसा. तुमची सगळी पत्रं त्यात आहेत.